प्लॉटची आठवण रोज कशाला?

प्रश्न : माझा मुलगा बारावीला आहे, सांगलीत जेईईचा क्लास आहे. क्लासच्या फीसाठी मिरजेकडचा प्लॉट विकला, याची मी त्याला रोज आठवण करून देतो. मात्र हा रात्री जागून अंतराळाचं सिम्युलेशन की काय ते सॉफ्टवेअर बनवतो. एकदा त्यातलं यान थरथरतं म्हणून तीन रात्री झोपला नाही. तीनशेएक लोक ते वापरतात, त्यांना हा ग्रह-लघुग्रहांच्या बातम्या कळवत बसतो. गेल्या वर्षी लघुग्रह आदळणार असं कळवलं, चार दिवसांनी नाही आदळणार म्हणून सगळ्यांची माफी मागितली. सराव परीक्षेत 300 पैकी 92. मी लॅपटॉप कपाटात ठेवून किल्ली खिशात घेतली आहे. इस्रोत जायचं तर आयआयटी हवी, हे तुम्हीच समजावा. (एक वडील)

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. 92 गुणांवर मी फारसा थांबलो नाही. थांबलो ‘रोज’ या शब्दावर. प्लॉट विकायचं तुम्ही ठरवलंत, सही तुमची होती. सतरा वर्षांच्या मुलाला त्याचा हप्ता रोज जेवणाच्या ताटावर भरायला लावताय. असा मुलगा पुस्तक उघडतो तेव्हा त्याला गणित दिसत नाही, सात-बारा दिसतो. माझ्यासमोर अशी कितीतरी मुलं बसून गेली आहेत. ती आळशी नव्हती, घाबरलेली होती. आणि घाबरलेला मुलगा जिथे कुणी हिशेब मागत नाही अशी जागा शोधतो. तुमच्या मुलाला ती रात्री एक वाजता, सूर्यमालेत सापडली. उद्यापासून प्लॉटचं नाव घरात काढू नका. एवढं एकच केलंत तरी या पत्राचं निम्मं काम झालं.

आता त्या थरथरणाऱ्या यानाबद्दल. मला कोडिंग येत नाही, म्हणून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. तो म्हणाला, संगणक साधा दशांश आकडा साधारण सात अंकांपर्यंतच नीट धरतो. सूर्य मधोमध ठेवून सगळी अंतरं मीटरमध्ये मोजली, तर पंधरा कोटी किलोमीटरवरच्या पृथ्वीजवळ तो आकडा सोळा-सोळा किलोमीटरच्या पायऱ्यांनी सरकतो. मग यान थरथरणार नाही तर काय! उपाय असा की मधोमध सूर्याऐवजी यानच ठेवायचं आणि बाकी विश्व त्याच्याभोवती हलवायचं. ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ या गाजलेल्या अंतराळ-खेळाच्या निर्मात्यांनाही याच रोगाने छळलं होतं. खेळणाऱ्यांनी त्या बिघाडाला ‘क्रॅकन’ या समुद्री राक्षसाचं नावच देऊन टाकलं. तुमच्या मुलाने तीन रात्रीत काय उपाय केला ते त्याला विचारा. विचारलं नसेलच अजून.

खरं सांगायचं तर मला त्याहून जास्त आवडली ती माफी. तो लघुग्रह म्हणजे ‘2024 वायआर4’. डिसेंबर 2024 मध्ये चिलीतल्या दुर्बिणीतून सापडला. 22 डिसेंबर 2032 ला तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता 18 फेब्रुवारी 2025 ला 3.1 टक्क्यांवर गेली आणि आठवडाभरात जवळजवळ शून्यावर आली. लोकांना वाटलं, शास्त्रज्ञ चुकले. तसं नव्हतं. सुरुवातीच्या दिवसांत लघुग्रहाचा मार्ग एक रेघ नसतो, रुंद पट्टा असतो. निरीक्षणं वाढतात तसा पट्टा अरुंद होतो. पृथ्वी त्या पट्ट्यात असते तोवर तिच्या वाट्याला येणारी टक्केवारी चढत जाते, आणि पट्टा पृथ्वीवरून बाजूला सरकला की धाडकन उतरते. तुमच्या मुलाचं चुकलं ते एवढंच, की ‘आदळणार’ लिहिलं. ‘आदळू शकतो, आणि हा आकडा बदलणार आहे’ असं लिहायला हवं होतं. त्याबद्दल त्याचा कान मी धरेन. पण चार दिवसांत, कुणी न सांगता, तीनशे लोकांपुढे ‘माझं चुकलं’ म्हणणं? आमच्या वृत्तवाहिन्यांना हे जमत नाही. तुम्हाला तो रिकामा उद्योग वाटतो. माझ्या मते अख्ख्या पत्रात त्याच्याबद्दल सगळ्यात चांगलं वाक्य तेच आहे, आणि ते तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय.

इस्रोसाठी आयआयटीच हवी, हा समज मात्र आजच सोडा. इस्रो आपल्या भरतीत मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर अशा शाखांचे इंजिनिअर घेते. पदवी मान्यताप्राप्त कॉलेजची आणि किमान 65 टक्क्यांची असावी लागते, आणि परीक्षा-मुलाखत पार पाडावी लागते. तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटी या अंतराळशास्त्राच्या संस्थेला जेईई अ‍ॅडव्हान्स्ड लागते, ती एक वाट झाली, एकमेव नव्हे. शिवाय तुमच्या मुलाला इस्रोत जायचंय हे त्याने सांगितलंय का तुम्ही? अंतराळाचं सॉफ्टवेअर लिहिणारी माणसं कुठून आली ते बघा. ‘ऑर्बिटर’ हा यान उडवण्याचा सिम्युलेटर लिहिणारे मार्टिन श्वायगर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात काम करत होते, वैद्यकीय प्रतिमांवर! ‘कर्बल’ निघालं मेक्सिको सिटीतल्या एका मार्केटिंग कंपनीतून. ‘स्पेस इंजिन’ हे अख्खं विश्व दाखवणारं सॉफ्टवेअर रशियाच्या व्लादिमिर रोमान्युक यांनी वर्षानुवर्षं एकट्याने लिहिलं. यांतल्या कुणालाही आपल्याकडच्या रँकचा पत्ता नव्हता.

पण मुला, तूही ऐक, कारण हे पत्र तू वाचणारच. या छंदावर पोट भरणारे लोक जगात मोजके आहेत आणि भारतात तर हाताच्या बोटांवर. आकाशातले तारे-ग्रह दाखवणारं ‘स्टेलॅरियम’सारखं उत्तम सॉफ्टवेअर लोकांना फुकट मिळतं, मग तुझ्याला पैसे कोण देणार? नोकरी मिळेल ती ग्राफिक्समध्ये, गेम स्टुडिओत, उपग्रहांच्या कंपन्यांत, आणि तिथे भौतिकशास्त्र व रेखीय बीजगणित पक्कं लागेल. यानाची कक्षा काढणाऱ्याला गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात गुण कमी पडावेत हे मला पटत नाही. तो धडा या आठवड्यात संपव.

परीक्षांचं थोडक्यात : बोर्ड आणि एमएचटी-सीईटी नेटाने दे, जेईई दे पण तिच्यावर जीव टाकू नकोस, विज्ञानाची ओढ असेल तर आयसर या विज्ञान-संस्थांची परीक्षाही दे. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग घे किंवा भौतिकशास्त्रात बीएस्सी कर, दोन्हीतून वाट आहे. बोर्ड संपलं की दोघं बापलेक पुण्याला जा आणि नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही तीस अँटेनांची रेडिओ-दुर्बीण बघून या. वडिलांनी प्रश्न विचारायचे, मुलाने उत्तरं द्यायची.

आणि साहेब, किल्ली. रविवारी दुपारी चार तास लॅपटॉप त्याच्या हातात द्या, तुम्ही शेजारी बसा आणि यान उडवून बघा. मलाही ते सॉफ्टवेअर पाठवायला सांगा. माझा संगणक दहा वर्षं जुना आहे, त्यावर चालेल का तेवढं आधी विचारून घ्या.