आधी मुलाचं वाचन ऐका, मग टॅब घ्या

प्रश्न : बाई, नमस्कार. मी विट्याजवळच्या एका गावात द्राक्षबाग करतो आणि शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहे. आमची जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत, पट ६४, शिक्षक तीन. गावातली बरीच घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी परमुलखात असतात. यंदा दिवाळीला आलेल्या गलाई बांधवांनी शाळेला दोन लाख रुपये दिले. अट एकच, शाळा डिजिटल करायची. काही जण म्हणतात चौथी ते सातवीच्या प्रत्येक मुलाला टॅब द्या, काहींना मोठा स्मार्ट बोर्ड हवा. गुरुजी म्हणतात, आधी इन्व्हर्टर बसवा. तीन मीटिंगा वादातच गेल्या. माझा स्वतःचा मुलगा पाचवीत आहे, वाचताना अडखळतो. टॅब आला की सुधारेल का? आपल्यासारख्या देशांत हे कुठं करून बघितलंय का?

उत्तर : दादा, मुलगा अडखळतो हे तुम्ही मला लिहिलंत, तसं मीटिंगमध्ये बोललात का? बोलला नसाल तर पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करा. अशी मुलं आणखी किती आहेत, हे कळल्याशिवाय दोन लाखांतला एक रुपयाही खर्च करू नका, असं मी तुम्हाला कळकळीनं सांगते.

करून बघितलंय, आणि फार मोठ्या प्रमाणावर. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशानं खेड्यापाड्यांतल्या मुलांना लाखो लॅपटॉप वाटले. २०१२ मध्ये तिथल्या ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लॅपटॉप मिळून सव्वा वर्ष झालं होतं, पण गणितात आणि भाषेत लॅपटॉपवाल्या शाळा इतर शाळांच्या पुढं गेलेल्या नव्हत्या. बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हतं, आणि यंत्र रोजच्या धड्यात कसं आणायचं याची शिक्षकांची तयारी अपुरी होती. त्याच खंडातल्या उरुग्वेनं २००७ मध्ये सेइबाल नावाची योजना सुरू केली. त्यांनी लॅपटॉपबरोबर शाळांना इंटरनेट दिलं, दुरुस्तीची सोय लावली. पुढं २०१२ पासून इंग्रजीचे शिक्षक दुरून पडद्यावर शिकवू लागले. पण वर्गातल्या बाई वर्गातच राहिल्या, उजळणी त्याच घेतात. मला या सगळ्यात महत्त्वाची वाटते ती वर्गात उभी असलेली बाई.

आता माझं सांगते. २०१६ मध्ये मी खटाव तालुक्यातल्या एका शाळेत होते. लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आणला. पहिल्या आठवड्यात मुलांनी पडद्यावर समुद्र पाहिला. त्यातल्या एकानंही तोवर पाझर तलावापलीकडं पाणी पाहिलेलं नव्हतं. त्यांचे ते चेहरे मी विसरणार नाही, म्हणून यंत्राला नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही. पण दुसऱ्या पावसाळ्यात त्याचा दिवा गेला. विकणाऱ्यानं फोन उचलणं सोडलं. नवा दिवा घ्यायला खात्यात पैसे नव्हते, कारण होते नव्हते ते सगळे आम्ही खरेदीतच घातले होते. प्रोजेक्टर कपाटात गेला. अंडी विकून वर्गणी दिलेली एक आजी वाटेत भेटली की विचारायची, “बाई, यंत्र काय म्हणतंय?” मला मान वर करता यायची नाही.

मग २०२० आलं, शाळा बंद झाल्या. माझ्याकडं तेव्हा चौथी होती. घरात फोन एकच, तोही दिवसभर वडिलांबरोबर रानात. मी मुलांना सांगितलं, रोज पुस्तकाचं अर्धं पान मोठ्यानं वाचा, आईला रेकॉर्ड करायला सांगा आणि रात्री व्हॉट्सअॅपवर पाठवा. रात्री साडेनऊपर्यंत रेकॉर्डिंग येत राहायची. मागं म्हशीचं हंबरणं, भाकरी थापल्याचा आवाज, मधूनच “हळू वाच की” असं आईचं दटावणं. त्यात एक मुलगी होती. वर्गात सगळे मिळून वाचताना तिचाच आवाज सगळ्यांत मोठा. एकटीचं वाचन ऐकलं तेव्हा कळलं, जोडाक्षर आलं की ती तो शब्द गिळून पुढं जाते. दोन वर्षं ती माझ्यासमोर बसत होती आणि ३१ मुलांच्या आवाजात ते मला कधी ऐकू आलं नव्हतं. त्या रात्रीपासून मी तिला रोज जोडाक्षरांचे पाच शब्द माझ्या आवाजात पाठवू लागले. आईही तिच्याबरोबर म्हणायला बसायची. दिवाळीपर्यंत तिचं गिळणं थांबलं.

म्हणून दादा, मुलांना काय दाखवायचं याआधी मुलांचं काय ऐकायचं ते ठरवा. यंत्र ऐकायलाही चालतं, आणि त्यासाठी फार महागडं लागत नाही.

बडोद्याचं उदाहरण बघा. तिथल्या महापालिकेच्या प्राथमिक शाळांत सरकारनं दिलेले चार-चार संगणक होते, पण बहुतेक ठिकाणी ते वापरात नव्हते. शिक्षणात काम करणाऱ्या ‘प्रथम’ संस्थेनं त्यावर चौथीच्या मुलांसाठी गणिताचे खेळ सुरू केले. आठवड्याला फक्त दोन तास, एका संगणकावर दोन मुलं, आणि मुलाला जेवढं येतं तिथून पुढं जाणारी गणितं. गणित चांगलंच सुधारलं. नंतर कार्यक्रम थांबला आणि वर्षभरात त्यातली बरीचशी सुधारणा ओसरली. तेव्हा वर्षानुवर्षं चालेल एवढंच सुरू करा.

तुमच्या गावात मी असते तर गुरुजींचं ऐकून इन्व्हर्टर आणि बॅटरी आधी घेतली असती. ऐन तासाला वीज गेली की मुलांचं मन पुन्हा लागत नाही. पेनड्राइव्ह चालेल असा एक मोठा साधा टीव्ही, आणि शाळेतच राहणारे पाच-सहा टॅब, एकावर दोन मुलं. घरोघरी टॅब देऊ नका. खरेदी विट्यातच, ज्याच्या दुकानात जाऊन बसता येईल त्याच्याकडून. आणि निदान चाळीस हजार शाळेच्या खात्यात दुरुस्तीसाठी हात न लावता ठेवा. देणगीदारांना ते पटायला जड जाईल, कारण खात्यातल्या पैशाचा फोटो निघत नाही. त्यांना दुसरं काहीतरी द्या. खरेदीआधी दुसरी ते सातवीच्या प्रत्येक मुलाकडून एक परिच्छेद एकट्यानं वाचून घ्या, वहीत नोंदवा. सहा महिन्यांनी पुन्हा घ्या. दोन्ही नोंदी पुढच्या दिवाळीला त्यांच्या हातात ठेवा. हे काम तिघा शिक्षकांवर टाकू नका, त्यांना ऑनलाइन माहिती भरण्यातूनच सवड मिळत नाही. चार वाचते पालक मदतीला बसू देत.

तुमच्या मुलाचं म्हणाल तर टॅबची वाट पाहू नका. आज रात्री त्याच्याकडून अर्धं पान वाचून घ्या, तुमच्याच फोनवर रेकॉर्ड करा आणि उद्या गुरुजींना ऐकवा.

प्रश्न : आम्ही कोयनेच्या जलाशयापलीकडं जावळी तालुक्यात राहतो. मुलीच्या पुस्तकात क्यूआर कोड आहेत, पण इथं रेंज नाही. त्यांचा काय उपयोग?

उत्तर : ताई, उपयोग आहे, फक्त आधी तयारी करावी लागते. ते कोड २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ अॅपचे आहेत. मेढ्याला किंवा साताऱ्याला जाल तेव्हा पुस्तक बरोबर न्या, पुढच्या दोन-तीन धड्यांचे कोड स्कॅन करून त्यातलं साहित्य अॅपमध्ये डाउनलोड करा. मग घरी रेंजशिवाय चालतं. सगळे धडे एकदम उतरवू नका, फोन भरतो आणि मुलगी गोंधळते. बालभारतीची पुस्तकंही त्यांच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवता येतात.

प्रश्न : नातू दहावीत आहे. अभ्यासासाठी म्हणून फोन मागतो आणि रात्रभर त्यातच असतो. आई-वडील दोघं कामावर. मी काय करू? (कराडहून एक आजी)

उत्तर : आजी, तो खोटंच बोलतो असं धरू नका. ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ५७ टक्के मुलांनी आधीच्या आठवड्यात कधीतरी अभ्यासासाठी फोन वापरला होता, आणि समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. एकाच हातात दोन्ही चालू असतं. तुमच्या शेजारच्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ मध्ये गावानंच ठरवलं. सायंकाळी सात वाजता भोंगा वाजला की दीड तास सगळ्या घरांतले मोबाईल आणि टीव्ही बंद. मला त्यात आवडलं ते हे की मोठ्यांचेही बंद. तुमच्या घरात भोंगा नसेल, पण तुमचा शब्द आहे. सुनेला आणि मुलाला सांगा, जेवणाआधी तासभर चौघांचेही फोन देवघराच्या कोनाड्यात ठेवायचे. तुमचा पहिल्यांदा ठेवा. आणि त्या तासात नातवाला त्याचा एखादा धडा तुम्हाला वाचून दाखवायला सांगा.