दुबईची पुंजी होम-स्टेत घालू का?

प्रश्न : 18 वर्षं दुबईत एसी टेक्निशियन होतो. आता कायमचा गुहागर तालुक्यातल्या गावी परतलोय. जवळ 38 लाख आहेत. त्यातल्या 30 लाखांत चार खोल्यांचं होम-स्टे बांधू का? घरखर्च महिना 35 हजार, मुलीच्या इंजिनिअरिंगला अजून 6 लाख लागतील.

उत्तर : एवढ्यात नको. आधी आकडे मांडू. 2 हजार भाड्याने चारही खोल्या वर्षात 90 रात्री भरल्या, तर 7 लाख 20 हजार येतील. दिवाळी, नाताळ, मे महिना सोडला तर 90 रात्री भरणं सोपं नाही, आणि पावसाळा तर रिकामाच. वीज, कामवाली, चादरी, बुकिंगचं कमिशन यांत निम्मे गेले की उरतात 3 लाख 60 हजार. तुमचा वर्षाचा घरखर्चच 4 लाख 20 हजार आहे. हातातले उरलेले 8 लाख फी आणि ही तूट भरण्यात संपतील, आणि मग पुन्हा व्हिसा शोधावा लागेल. तेच मला टाळायचंय.

म्हणून दोन वर्षांचा घरखर्च आणि फी, मिळून सुमारे साडेचौदा लाख, मुदत ठेवीत बाजूला काढा. पतसंस्थेत नको, तिथल्या ठेवींना विमा नसतो. बँकेतही विमा 5 लाखांपर्यंतच, म्हणून रक्कम तीन-चार बँकांत विभागून ठेवा. एनआरई खातं, म्हणजे परदेशात असताना वापरायचं अनिवासी भारतीयांचं खातं, लगेच निवासी करून घ्या, त्याचं व्याज आता करपात्र आहे. परत जायची थोडी जरी शक्यता वाटत असेल तर ते पैसे आरएफसी खात्यात, म्हणजे परतलेल्यांसाठीच्या परकीय चलनाच्या खात्यात, ठेवता येतात. नोकरी सोडताना दुबईच्या कंपनीकडून मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीचा हिशेबही तपासा : मूळ पगारावर पहिली पाच वर्षं वर्षाला 21 दिवस, पुढे 30 दिवस.

तुमची खरी पुंजी तुमचं काम आहे. चिपळूणला हॉटेलं, दवाखाने, बँका आहेत. 3 लाखांत हत्यारं आणि जुनी गाडी घेऊन एसी दुरुस्ती सुरू करा. घराला दोनच खोल्या जोडा आणि दोन हंगाम बघा. खोल्या भरल्या तर पुढच्या दोन बांधा.

नातेवाईक उसने मागतील. पैसे ठेवीत अडकलेत, असं सांगा. ते खरंच असेल. कंपनीचा आरोग्यविमा संपलाय, म्हणून कुटुंबाची पॉलिसी या महिन्यातच घ्या. जुन्या आजारांना प्रतीक्षाकाळ असतो, तो संपेपर्यंत त्यांचा खर्च मिळत नाही.