विहिरीतला काळा गाळ आणि लेकीचं भूशास्त्र

राजापूर तालुक्यातले एक पालक लिहितात: ‘विहीर खणताना जांभ्याच्या खाली, 35 फुटांच्या आसपास काळी चिकणमाती लागली आणि तिच्यात लाकडासारखे तुकडे निघाले. मुलगी बारावी सायन्सला आहे. तिने ते जपून ठेवलेत आणि जीवाश्मांचाच अभ्यास करायचा म्हणते. यात पोट भरतं का? आणि सुरुवात कुठून करायची?’

नमस्कार,

रत्नागिरी-सिंधुदुर्गात काही ठिकाणी जांभ्याखाली लिग्नाइटचे (तपकिरी, कच्च्या कोळशाचे) आणि काळ्या मातीचे थर आहेत. त्यांत लाकूड, पानांचे ठसे, परागकण मिळालेले आहेत. त्यामुळे हे जीवाश्म असावेत ही मुलीची शंका रास्त आहे. आपला काळा दगड मात्र सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यात जीवाश्म शोधणं व्यर्थ. दोन लाव्हांच्या मधल्या काळात तळ्यांत साचलेल्या गाळात ते मिळतात. मुंबईत वरळीला बेडकांचे जीवाश्म निघाले ते अशाच थरात. म्हणून या वाटेला आधी खडक वाचायला शिकावं लागतं, म्हणजे भूशास्त्र.

आता ते तुकडे. सुटा तुकडा निम्मी माहिती गमावून बसतो, कारण त्याचं वय त्याच्या थरावरून ठरतं. विहीर खणणाऱ्यांना आजच विचारा: जांभा किती फूट, त्याखाली कसली माती, काळा थर कुठे सुरू झाला आणि किती जाड होता. ते वहीत उतरवा, आकृती काढा, शेजारी पट्टी ठेवून फोटो घ्या, प्रत्येक तुकड्याला नंबर द्या. लिग्नाइट उन्हात वाळलं की आकसतं, तडकतं, भुगा होतो. तेव्हा पिशवीत बंद करून सावलीत ठेवा. फेव्हिकॉल किंवा वॉर्निश अजिबात लावू नका, पुढची तपासणी बिघडते. आणखी नमुने हवेत म्हणून तिला विहिरीत उतरू देऊ नका: जांभ्याखालची ओली माती घसरते, तळाशी प्राणवायूही कमी असू शकतो.

कार्बन डेटिंग करून घेऊ, असं कुणी सुचवेल. ती पद्धत सुमारे 50 हजार वर्षांपलीकडे चालत नाही, आणि हा गाळ त्याहून जुना असू शकतो. अशा गाळाचं वय बहुधा परागकणांवरून काढतात. ढेकळाचा बाहेरचा पापुद्रा खरवडून टाकतात, नाहीतर आजच्या आंब्या-काजूचे परागकण मिसळून निष्कर्षच चुकतो. मग हायड्रोक्लोरिक आम्लाने चुना आणि हायड्रोफ्लोरिक आम्लाने वाळू-माती विरघळवतात. दुसरं आम्ल जीवघेणं आहे, ते फक्त प्रयोगशाळेत. उरलेला गाळ चाळून सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण ओळखत शेकडो कण मोजायचे. परागकण तपासणाऱ्या शास्त्रज्ञाचे बहुतेक दिवस असे जातात, डोंगरावर नव्हे. मुलीला हे आत्ताच सांगा. तरीही तिचा उत्साह टिकला तर तिला अडवू नका.

बारावीला गणित सोडू नये, काही एम.एस्सी. प्रवेशांना ते लागतं. पुढे भूशास्त्रात बी.एस्सी.: पुण्यात फर्ग्युसन, मुंबईत सेंट झेवियर्स, किंवा कोकण रेल्वेने जवळ पडणाऱ्या गोव्यात धेंपे आणि चौगुले. नंतर जॅम या एम.एस्सी. प्रवेश परीक्षेतून आयआयटीत किंवा विद्यापीठात एम.एस्सी. संशोधनासाठी नेट ही पात्रता परीक्षा. तिच्यातून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिना 37,000 रुपये, आणि पीएच.डी.ला पाच वर्षं धरून चाला.

पोटाचं स्पष्ट सांगतो: केवळ जीवाश्मांवर कायमच्या जागा थोड्या निघतात. पण भूशास्त्राची एम.एस्सी. हातात असली की यूपीएससीच्या जिओ-सायंटिस्ट परीक्षेतून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळाची दारं उघडतात. तेल कंपन्यांनाही सूक्ष्मजीवाश्म ओळखणारे लागतात, कारण समुद्रात खणलेल्या विहिरीतून येणाऱ्या चुऱ्यातला फोरामिनिफेरा (समुद्रातल्या सूक्ष्म जीवांची कवचं) पाहून ड्रिल कोणत्या काळाच्या थरात आहे ते कळतं. म्हणून एम.एस्सी.पर्यंत सगळं भूशास्त्र नीट करावं, जीवाश्म त्यानंतर निवडावेत.

वही तयार झाली की फोटो, गावाचं नाव आणि थरांची आकृती पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला किंवा लखनौच्या बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थेला ईमेल करा. पत्र मुलीनेच लिहावं. तुकडे त्यांनी मागितल्यावरच पाठवा, आणि तेव्हाही निम्मे घरी ठेवा.