साठीनंतर फिट राहायला जिम लागतेच का? रोजच्या कोणत्या छोट्या सवयी खरंच उपयोगी पडतात?

जिम नसली तरी चालतं हो, पण ‘मी रोज चालतो की’ एवढ्यावर थांबू नका. चालणं उत्तमच, आठवड्याला १५० मिनिटं जरा दम लागेल असं चाला, पण तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात ना, ते नुसत्या चालण्याने फारसे भरून येत नाहीत. म्हणून जागतिक आरोग्य संघटना ६५ च्या पुढच्यांना आठवड्यातून किमान २ दिवस ताकदीचे आणि ३ दिवस तोल सांभाळायचे व्यायाम सांगते.

घरच्या घरी काय करायचं तर खुर्चीवरून हात न टेकता १० वेळा उठा-बसा, आणि दात घासताना एका पायावर उभं राहा, एका हाताने बेसिन धरून बरं का, हिरोगिरी नको. माझी आई ७४ ची आहे, ती अजून जेवायला खाली पाटावरच बसते, आम्ही डायनिंग टेबल घेतलं तर त्यावर आता इस्त्रीचे कपडे असतात.

रात्री जेवल्यावर शतपावली घाला, पायाचे स्नायू रक्तातली साखर वापरतात त्यामुळे ती फार चढत नाही. गुडघे दुखत असतील तर खाली बसायचा हट्ट मात्र करू नका, आधी डॉक्टरला दाखवा.