वाऱ्याला मुसकी

येशूने वादळ शमवलं, भुतं काढली, मग तो आणि मांत्रिक यांत फरक काय, असं तुम्ही विचारलंय. शिवाय मावशींना कुणी 'मंतरलेलं' तेल पैसे घेऊन दिल्याचंही लिहिलंय. दोन्हींचं उत्तर एकच आहे.

भुतं काढणारे त्या काळीही होते. योसेफस या यहुदी इतिहासकाराने डोळ्यांदेखत घडलेली हकिकत लिहून ठेवलीय. पुढे सम्राट झालेल्या रोमन सेनापती वेस्पासियनसमोर एलाझार नावाच्या माणसाने अंगठीतली मुळी झपाटलेल्याच्या नाकाशी धरली आणि प्राचीन इस्राएलचा राजा शलमोन याचं नाव घेत भूत ओढून काढलं. मुळी, अंगठी, थोराचं नाव. आपल्याकडचे देवऋषी तरी वेगळं काय करतात?

आता मार्कच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय उघडा. येशू आणि शिष्य होडीतून गालील सरोवर ओलांडताहेत. हे सरोवर समुद्रसपाटीच्या सुमारे २१० मीटर खाली, भोवती डोंगर. वारा अचानक खाली कोसळतो. १९८६ साली तिथल्या गाळात पहिल्या शतकातली एक होडी सापडली, जेमतेम आठ मीटर लांबीची. माझे काका वसईच्या पाचूबंदरचे. ते सांगायचे, होडीत पाणी चढलं की माणूस आधी उपसतो, देवाचं नाव मागाहून. शिष्यही घाबरले, आणि येशू वरामावर, म्हणजे होडीच्या मागच्या टोकाला, उशी घेऊन झोपलेला! जुन्या करारातल्या योना संदेष्ट्याच्या गोष्टीतही असंच वादळ आहे, असाच एक झोपलेला माणूस आहे. पण तिथे त्याला उठवून सांगतात, तुझ्या देवाचा धावा कर. येशू कुणाचाच धावा करत नाही. उठतो, वाऱ्याला धमकावतो, समुद्राला म्हणतो, "उगा राहा, शांत हो."

'शांत हो'साठी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे, त्याचा अर्थ मुसकी घालणं. मळणीच्या बैलाला मुसकी घालू नये, असं बायबलमध्ये तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे, तिथेही तोच. आणि मार्कच्याच पहिल्या अध्यायात कफर्णहूम गावच्या सभास्थानात अशुद्ध आत्म्याला गप्प करताना येशूने हाच शब्द वापरलाय. वारा आणि भूत, दोघांनाही तोच हुकूम, आणि तोही स्वतःच्या अधिकाराने. स्तोत्र १०७ मध्ये वादळ शमवतो तो परमेश्वर. म्हणूनच शिष्य वादळ थांबल्यावर जास्त घाबरले: "हा आहे तरी कोण?" मला हा अख्ख्या शुभवर्तमानातला सर्वांत खरा प्रश्न वाटतो.

पलीकडच्या काठावर 'सैन्य' नावाचं भूत डुकरांत शिरायचीसुद्धा येशूकडे परवानगी मागतं.

येशूचं नाव मंत्रासारखं वापरून बघितलेलेही आहेत. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय १९. इफिस शहरात स्केवा नावाच्या यहुदी याजकाच्या सात मुलांनी, येशूचा प्रेषित पौल ज्याची घोषणा करतो त्या येशूचं नाव घेऊन भूत काढायला घेतलं. ते म्हणालं, येशूला ओळखतो, पौलाचीही माहिती आहे, तुम्ही कोण? आणि त्यांना उघडंनागडं पळवून लावलं. खुद्द पौलाचंही जहाज तीनदा फुटलं होतं. देवाचा अधिकार त्याच्या हातात हवी तेव्हा दाबायची कळ म्हणून दिलेला नव्हता.

तेव्हा ते तेल राहू द्या. मावशींना आधी डॉक्टरांकडे न्या. कॅथलिक चर्चमध्ये बिशपांच्या स्पष्ट परवानगीशिवाय कुठल्याही फादरना भूतबाधा काढण्याचा विधी करता येत नाही, आणि त्याआधी हा आजार तर नाही ना, याची खात्री करावी लागते. प्रार्थना मात्र आजपासूनच करा. तिला पैसे पडत नाहीत.