तोंडी तक्रार आणि खाणीतला फ्लू

भूमिगत खाणीतील एका कामगाराने विचारले आहे : पाळीतले अनेकजण फ्लूने फणफणलेले असताना सर्वांना एकाच पिंजऱ्यातून, म्हणजे खाणीच्या लिफ्टमधून, खाली उतरवले जात होते, त्यांनी आणि आणखी दोघांनी ओव्हरमनशी, म्हणजे पाळीवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याशी, वाद घालून उतरण्यास नकार दिला, आणि आता तिघांच्याही हाती आज्ञाभंगाचे आरोपपत्र आहे; त्याला उत्तर काय द्यावे? अशी पत्रे पूर्वीही आली आहेत, आणि जवळजवळ प्रत्येकात घोडे एकाच ठिकाणी पेंड खाते.

दाटीवाटीच्या पिंजऱ्यात खोकला काय करतो, हे मी आपल्याला सांगायला नको. आपल्या प्रकरणाचा कल ठरवील ते 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहितेचे कलम 14. आरोग्याला तातडीचा धोका असल्याची वाजवी भीती वाटल्यास कामगाराने ती मालकाला, थेट किंवा सुरक्षा समितीच्या सदस्यामार्फत, कळवावी आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकालाही कळवावी, असे ते सांगते. मालकाला धोका पटला नाही, तरी त्याने प्रकरण ताबडतोब निरीक्षकाकडे पाठवायचे असते, आणि निरीक्षकाचा निर्णय अंतिम असतो.

‘त्याच वेळी’ हे दोन शब्द आपण गमावले. निरीक्षकाला आपण नवव्या दिवशी लिहिलेत. फ्लूची लागण झाल्यावर साधारण दोन दिवसांत लक्षणे दिसतात आणि रुग्ण बहुधा पाच ते सात दिवस संसर्ग पसरवतो. म्हणजे निरीक्षक येईपर्यंत त्या दिवशी खोकणारी माणसे कामावर ठणठणीत उभी असणार. ओव्हरमनशी भांडायला वेळ होता, चार ओळी लिहायला नव्हता, याचे मला खरोखर नवल वाटते.

उत्तरात ‘काम नाकारणे हा आमचा हक्क होता’ असे मात्र लिहू नका. धोकादायक जागेतून बाजूला होण्याचा हक्क आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1995 च्या खाणविषयक कराराच्या कलम 13 मध्ये स्पष्ट आहे, पण भारताने त्याला अनुमोदन दिलेले नाही, आणि कलम 14 तेवढ्या उघड शब्दांत तो देत नाही. धोका कळवूनही उपाय झाला नाही, एवढेच म्हणा. त्या तारखांच्या दवाखान्याच्या नोंदवहीची आणि दिवाघरात, म्हणजे उतरण्यापूर्वी कामगारांना दिवे मिळतात त्या खोलीत, दिवे दिल्याच्या नोंदींची प्रत मागा. तापाची गोळी घेतलेला माणूस त्याच पाळीत दिवा घेऊन खाली गेला, हे त्या दोन वह्या शेजारी ठेवल्यावर दिसेल. उत्तराची मुदत चुकवू नका, कारण एकतर्फी चौकशी झाली तर ती न्यायाधिकरणात उलटवण्यात वर्षे जातात.

फ्लू अधिसूचित रोगांच्या, म्हणजे झाल्यास सरकारला कळवावे लागणाऱ्या रोगांच्या, यादीत नाही, असे व्यवस्थापन म्हणेल. ती यादी रोगाची सूचना देण्यापुरती आहे. कामाची जागा शक्य तितकी आरोग्याला निर्धोक ठेवण्याचे कर्तव्य कलम 6 मध्ये स्वतंत्रपणे आहे. या ‘शक्य तितकी’मध्ये पळवाट दडलेली असल्यामुळे मागण्या सहज जमतील अशा ठेवा : ताप आलेल्याला खाली न पाठवता रजा, पिंजऱ्यात कमी माणसे, सेल्फ-रेस्क्यूअरच्या (विषारी वायूत जीव वाचवणाऱ्या श्वसनसाधनाच्या) सरावातील तोंडात धरायचे भाग प्रत्येक वेळी निर्जंतुक करणे, आणि साथीच्या हंगामाआधी मोफत लस, जिचे संरक्षण मिळायला सुमारे दोन आठवडे लागतात. लसीबाबत सक्ती करून घेता येईल, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

या मागण्यांचा अर्ज व्यवस्थापक आणि निरीक्षक या दोघांनाही एकाच दिवशी द्या, आणि पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका.