कार्यक्रम निवडताना आधी वेळापत्रक वाच

प्रिय पोरी,
सप्रेम आशीर्वाद.

तू पाठवलेली दोन्ही माहितीपत्रकं वाचली. सेवाभावी नेतृत्व शिकवणाऱ्या या दोन कार्यक्रमांतला कुठला निवडावा, असं विचारलंयस. वक्त्यांच्या नावांखाली तू रेघा मारल्या आहेस. मी मात्र आधी वेळापत्रक पाहिलं. एकात गटानं लोकांशी बोलून काम निवडायचं, ते करायचं आणि शेवटी तिथल्याच माणसांच्या हाती सोपवायचं आहे. दुसऱ्यात सगळं सभागृहातच आटोपतं. मी पहिल्याच्या बाजूची आहे.

सेवाभावी नेतृत्वाच्या विचाराची आधुनिक मांडणी रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी १९७० मध्ये केली. एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीत जवळपास चार दशकं नोकरी केलेला हा माणूस. त्यांनी दिलेली कसोटी मला आजही सगळ्यात उपयोगी वाटते. ज्यांची सेवा केली, ती माणसं वाढली का? अधिक शहाणी, मोकळी, स्वावलंबी झाली का? पुढे तीही इतरांसाठी उभी राहतील का? आणि समाजात सगळ्यात मागे राहिलेल्याचं काय झालं? नेत्यानं किती कष्ट उपसले, हा प्रश्न त्यात नाहीच.

हे तुला मुद्दाम सांगते, कारण तू सगळी कामं स्वतःवर ओढून घेतेस. नोंदी तू लिहितेस, निरोप तू देतेस, उशीर झाला तर आवरायलाही तूच थांबतेस. कौतुक होतं, पण तुझ्या शेजारचा मुलगा वर्षभरात काहीच शिकत नाही. राबणं सोपं असतं गं. दुसऱ्याला त्याच्या गतीनं, अडखळत काम करू देणं फार अवघड.

मोठ्यांना तर ते आणखी जड जातं. अशाच एका कार्यक्रमात वाचनालय लावायचं काम चाललेलं मी पाहिलं होतं. गटात एक निवृत्त अभियंते आणि चौदा-पंधरा वर्षांची मुलं. मांडणी मुलांनी ठरवायची होती. त्यांनी लहानग्यांची पुस्तकं खालच्या फळ्यांवर घेतली, ते छानच होतं. पण एकेक फळी ठासून भरत गेली. अभियंत्यांना चूक केव्हाच दिसली होती. ते दोनदा पुढे झाले, दोनदा मागे सरले. शेवटी एवढंच विचारलं, "उद्या नवी पुस्तकं आली तर कुठे ठेवणार?" मुलं गप्प झाली, एकमेकांकडे पाहिलं आणि अर्धी फळी रिकामी करून पुन्हा लावायला बसली. नंतर गोल बसून दिवसाचा आढावा घेतला, तेव्हा अभियंते म्हणाले, हात आवरणं हेच आजचं सगळ्यात मोठं काम होतं. असा आढावा नसेल, तर श्रमदान होतं, शिक्षण होत नाही. म्हणून वेळापत्रकात त्यासाठी राखून ठेवलेला वेळ आहे का, तेही बघ.

मुलांवर खरी जबाबदारी टाकायची ही रीत जुनी आहे. १९०७ मध्ये स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर शिबिर घेतलं, तेव्हा वेगवेगळ्या आर्थिक थरांतली वीसेक मुलं चार तुकड्यांत विभागली आणि प्रत्येक तुकडीचा नायक त्यांच्यातलाच एक मुलगा केला. रोटरी या समाजसेवी क्लबांच्या संघटनेनं १९६२ मध्ये शाळकरी वयाच्या मुलांसाठी इंटरॅक्ट आणि १९६८ मध्ये तरुणांसाठी रोटरॅक्ट सुरू केलं. रोटरीतली मला आवडणारी गोष्ट वेगळीच आहे: दरवर्षी १ जुलैला क्लबचा अध्यक्ष बदलतो. कालचा अध्यक्ष आज साध्या सभासदाच्या खुर्चीत बसतो आणि नव्या माणसाच्या हाताखाली काम करतो. खुर्ची सोडायची सवय व्याख्यानानं लागत नाही, ती अशा नियमानं लागते.

एक गैरसमज मात्र मनातून काढून टाक. सेवाभावी असणं म्हणजे सगळ्यांना हो म्हणणं नव्हे. ऐकायचं सगळ्यांचं, पण निर्णयाची वेळ आली की निर्णय घ्यायचा, आणि जो नाराज होईल त्याला कारण तोंडावर सांगायचं. गटातला एखादा दमदाटी करून इतरांना गप्प बसवत असेल, तर त्याला थांबवणं हीदेखील त्या गटाची सेवाच आहे. याचा सराव जिथे करून घेतात, तो कार्यक्रम चांगला.

अर्ज भरण्याआधी दोन्हीकडच्या संयोजकांना फोन कर. काम कोण निवडतं आणि मागच्या तुकडीनं उभं केलेलं काम आज कोण सांभाळतं, एवढंच विचार. जमलं तर सांभाळणाऱ्यांपैकी एकाला भेटून ये. तो काय म्हणाला ते सविस्तर लिही, मग अर्जातल्या उत्तरांवर आपण एकत्र बसू.

तुझी,
ताई